ताणा गल्लीचा खळगा

माझी बायको हेमलता गेली त्याला सहा वर्षं झाली. भर दुपारी, घरातल्या खुर्चीत गेली. ॲम्ब्युलन्सला यायला एक्केचाळीस मिनिटं लागली. ही एक्केचाळीस मिनिटं कुठून आली ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मागच्या वर्षी, म्हणजे दोन हजार चव्वेचाळीस साली कळलं. ते लिहून ठेवतो आहे. मी लिहिणारा माणूस नाही. चाळीस वर्षं जॉबर होतो, म्हणजे कारखान्यातले यंत्रमाग बिघडले की चालू करून देणारा. जसं झालं तसं सांगतो.

हेमलता गेल्यावर मला घरात बसवेना. मागच्या वर्षी हिरजपूर महापालिकेला जेकार्ड समजणारा माणूस हवा असल्याचं कानावर आलं. जेकार्ड म्हणजे चादरीवर नक्षी उठवणारं यंत्र. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते त्यात फिरतात. पत्त्याला भोक असेल तिथला हुक वर जातो आणि दोरा उचलतो, नसेल तिथला खाली राहतो. शहरात हे समजणारी आम्ही चार माणसं उरलो होतो. त्यांतल्या दोघांना दिसत नव्हतं आणि तिसरा कोणाचं ऐकत नव्हता. म्हणून मी गेलो.

महापालिकेला जेकार्डचं काय काम, हे तिथं गेल्यावर कळलं. जुन्या टाउन हॉलात एक टेबल होतं, जवळपास हॉलभर. त्यावर सगळं शहर होतं. रस्ते कोरलेले होते आणि प्रत्येक इमारतीच्या जागी सुईसारखी एक पोलादी काडी होती. अशा नव्वद हजार काड्या. घरात जितकी माणसं तितकी काडी वर. खाली बसवलेले हुक हुबेहूब आमच्या जेकार्डसारखे, फक्त पत्त्यांच्या जागी संगणक.

टेबलाच्या कडेला एक चाक होतं. ते फिरवलं की साल बदलायचं. ईश्वरीनं पहिल्याच दिवशी मला ते फिरवून दाखवलं. ईश्वरी लोखंडे ही नकाशाची इंजिनियर, वय तीस. अठराशे एक्क्याऐंशी सालावर चाक लावलं तर वेशीच्या आत थोड्या काड्या उभ्या, बाकी टेबल सपाट. मग गिरणी निघते. गिरणीभोवती काड्या अशा वर येतात की वारूळ उठताना बघावं. प्लेगच्या सालात सगळं शहर खाली बसतं, आणि बाहेर माळावर, जिथं लोकांनी झोपड्या घातल्या, तिथं काड्या उठतात. पुढच्या साली माळ पुन्हा सपाट. पण शहरातल्या काड्या पहिल्याइतक्या वर येत नाहीत. किती येत नाहीत ते डोळ्यांना दिसतं. मी बराच वेळ ते एकच साल बघत राहिलो.

"काका, रडू नका हं. इथं सगळेच रडतात. मागच्या महिन्यात तर आयुक्त रडले," ईश्वरी म्हणाली.

"प्लेगसाठी?"

"नाही, त्यांचा वॉर्ड बसला त्यासाठी."

मी तिला विचारलं, इतकी जुनी माणसं मोजली कोणी? तिनं मला समजेल असं सांगितलं. दर दहा वर्षांनी शिरगणती व्हायची, त्यातून मोठे आकडे मिळतात. मधल्या वर्षांसाठी शाळेची हजेरी बुकं, जन्ममृत्यूची नोंद, रेशनची यादी, नळाचं पाणी, विजेचा वापर, हे सगळं यंत्राला वाचायला दिलेलं. तरी मधले रकाने रिकामे राहतात. ते यंत्र शेजारून भरतं. एखाद्या घराची माहिती नसेल तर आजूबाजूच्या घरांवरून, आणि त्याच घराच्या आधीच्या नि नंतरच्या सालांवरून. आणि एखाद्या घराशेजारी दहा घरं शून्य असली तर यंत्राला त्या घराचाही संशय येतो. ते त्याची काडी थोडी खाली घेतं.

"म्हणजे शून्य शेजाऱ्यालाही ओढतं," मी म्हणालो.

"बरोबर. आणि कागद कोणी लिहिला तेही बघतं. लिहिणाऱ्या प्रत्येक हाताला भरवशाचे गुण आहेत. तरटेबाईंना किती आहेत माहितेय? शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. सगळ्या शहरात पहिल्या पाचांत." ती हसली. "मी त्यांच्याच वर्गात होते, काका. चौथी ब."

तरटेबाई म्हणजे माझी हेमलता. नगरपालिकेच्या शाळेत तिनं तीस वर्षं शिकवलं. मला ऐकून बरं वाटलं. घरी जाऊन तिच्या फोटोसमोर मी ते बोलूनही दाखवलं.

चाक आजच्या सालाच्या पुढेही फिरायचं, दोन हजार साठपर्यंत. मुळात त्यासाठीच महापालिकेनं टेबल बनवलं होतं. मागची चढउतार बघून यंत्र पुढची उंची सांगायचं आणि शहर त्याप्रमाणे चालायचं. काड्या जिथं उठणार तिथं शाळा, दवाखाना, बस आधीच जायची. जिथं बसणार तिथून ती निघायची. गल्ली तीस माणसांच्या खाली जाणार असं दिसलं की ती 'आवरती वस्ती'. ज्या साली ती तीसखाली जाणार, त्याच्या दोन वर्षं आधी तिचं पाणी आणि दिवे बंद व्हायचे आणि उरलेल्यांना रिंगरोडच्या नव्या इमारतींत खोल्या मिळायच्या. शब्द चांगला शोधलाय, आवरती. जशी बाई घर आवरते.

माझी ताणा गल्ली त्या यादीत होती, पण लांब. एकावन्न-बावन्न सालाकडे. आम्ही एक्केचाळीस माणसं उरलो होतो. मी त्यावर विचार केला नव्हता. तोपर्यंत मी कशाला राहतो.

दोन महिन्यांनी ईश्वरीनं मला जुन्या सालांच्या काड्या तपासायला सांगितल्या. कुठं अडकतात का बघायचं आणि तेल द्यायचं. मी चाक एकेक साल पुढे घेत होतो. दोन हजार सत्तावीसला आलो आणि मला माझ्या गल्लीत खळगा दिसला.

ताणा गल्ली म्हणजे पूर्वी सुताचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, रस्त्यावर लांबवून खळ द्यायचे ती गल्ली. माझ्या हयातीत तिथं दोन्ही बाजूला बावीस घरं आणि मागच्या अंगाला चौदा यंत्रमागाच्या शेड. सत्तावीस साली ती गल्ली कशी होती मला माहीत आहे. सायकल घालायला जागा नव्हती. आणि टेबलावर आजूबाजूच्या गल्ल्या उभ्या आणि मध्ये आमची बसलेली, पडलेल्या दातासारखी.

मला वाटलं हुक अडकले. मी खाली शिरलो, एकेक हुक सोडवून बघितला, तेल दिलं. वर येऊन चाक मागेपुढे केलं. खळगा तसाच. अर्धा दिवस मी त्या चौदा हुकांशी झटत होतो. शेवटी ईश्वरीला हाक मारली.

"इथं हुक गेलेत चौदा. नवे मागव."

तिनं पडद्यावर बघितलं. "हुक ठीक आहेत, काका. तिथं माणसं नव्हती. चौदा शेड, वापर कारखाना, राहणारे शून्य. सत्तावीसची शिरगणती." मग आणखी खाली बघून म्हणाली, "बाईंनीच केलीय की ही! मग चुकायचा प्रश्नच नाही."

 चुकायचा प्रश्न नव्हताच. ती शून्यं मी भरली होती.

सत्तावीसच्या शिरगणतीचा आदेश हेमलताच्या नावानं आला होता. त्या वर्षी तिचे गुडघे धरले होते, जिना उतरतानाही ती भिंत धरायची. शिक्षकांच्या घरोघर तेव्हा चालायचं ते आमच्याही घरी झालं. काम बायकोच्या नावावर, फिरणारा नवरा. तिचा मोबाइल घेऊन मी दारोदार जायचो, माहिती भरायचो, आणि संध्याकाळी ती बघून अंगठा लावून पाठवायची.

शेडांमध्ये माणसं राहायची हे सगळ्यांना माहीत होतं. मागांच्या मधल्या वाटेत चूल, वर दोरीवर कपडे, मागाखाली झोपलेली पोरं. पण शेडला वीज कारखान्याची होती आणि राहायला बंदी होती. त्याच वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शेडला आग लागून चार जण गेले होते. त्यानंतर जिथं माणसं राहताना सापडत, ती शेड सील होत होती.

मी पहिल्या शेडच्या दारात गेलो तर लक्ष्मव्वा यन्नम वाट अडवून उभी. ही तेलुगू बाई, विड्या वळायची, तिचा नवरा नरसय्या त्याच शेडमध्ये माग चालवायचा. जीभ दाभणासारखी.

"दामूअण्णा, तो मोबाइल खिशात घाला आधी."

"अगं, सरकारी काम आहे. किती माणसं, तेवढंच सांग."

"किती लिहाल तितकी रस्त्यावर येतील. सोळा लिहा, सोळा येतील. शून्य लिहा."

"शून्य कसं लिहू? तू तर माझ्यासमोर उभी आहेस."

"मग डोळे मिटा की! तुमच्या बायकोच्या नावावर तुम्ही फिरताय, ते चालतं. आमचं एक शून्य चालत नाही होय?"

आत बायका हसल्या. मीही हसलो. आणि शून्य लिहिलं. मग दुसऱ्या शेडला नाही कसं म्हणणार? चौदाच्या चौदा शेडांना मी 'कारखाना, राहणारे कोणी नाही' असं भरलं. त्यांनी मला चहा दिला, नको म्हणेपर्यंत दिला.

संध्याकाळी हेमलतानं यादी बघितली. "अहो, शेडमध्ये कोणीच नाही?"

"नाही."

"मग माझ्या वर्गात शेडमधली नऊ पोरं येतात ती कुठून येतात?"

मी तिला कारण सांगितलं. तिनं मोबाइल मांडीवर ठेवला. ती हिशेबाची पक्की होती, हजेरीत कधी खाडाखोड केली नाही. मग म्हणाली, "शाळा सुटली ना यांची, तर पुन्हा येत नाहीत ही पोरं." आणि अंगठा लावला. पुन्हा त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. मला तर वाटलं होतं आपण चांगलं काम केलं. मला ते सतरा वर्षं वाटत होतं.

शून्यांनी काय केलं ते आता टेबलावर दिसत होतं. नकाशा बनला चौतीस साली. त्याला शेडांमधली तीनशेवर माणसं दिसलीच नाहीत. घरांतली एकशे दहा होती, त्यांतलीही वीस त्यानं संशयानं खाली घेतली. उरली नव्वद. नव्वद माणसांना दवाखाना कशाला? छत्तीस साली गल्लीच्या तोंडावरचा दवाखाना हलवला, त्याच्या दारात उभी असायची ती ॲम्ब्युलन्सही. बस वळवली. मग माणसं खरोखर जायला लागली. शेडवाले आधी गेले, मग घरवाले. एकोणचाळीस साली हेमलताला छातीत दुखायला लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्स साडेनऊ किलोमीटरवर उभी होती, नकाशाप्रमाणे बरोबर जागी.

ती खुर्चीत बसून मला विचारत होती, "आली का हो?" मी दारात जायचो, परत यायचो, म्हणायचो, "वळणावर आहे." चार-पाच वेळा म्हणालो. शेवटी तिनं विचारायचं थांबवलं.

ती शून्यं कोणी भरली, हे ईश्वरीला सांगायला मला आठवडा लागला.  मग उठून तिनं दार लावून घेतलं.

"काका, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं धरू या."

"का?"

"कारण लिहून दिलंत तर ते बाईंच्या हातावर जाईल. मोबाइल त्यांचा, अंगठा त्यांचा. जाणूनबुजून खोटी नोंद निघाली की त्या हाताचे गुण शून्य. मग त्यांनी लिहिलेलं सगळंच यंत्र धरत नाही. अकरा सालची शिरगणती, तीस वर्षांची हजेरी बुकं, सगळं. प्रत्येक नोंदीपुढे 'अविश्वसनीय' असा शिक्का बसतो. तो कोणालाही दिसतो. माझं नावसुद्धा त्याच हजेरीत आहे, काका."

"पण तीनशे माणसं खरी होती."

"होती. पण बाईही खऱ्या होत्या ना?"

मी घरी आलो. तीन दिवस जेवण गेलं नाही. हेमलताची चूक नव्हती, ती माझी होती, आणि ती भरायची तिच्या नावानं. दुसरीकडे, खळगा बुजला तर दवाखाना परत येईल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर दवाखान्यापेक्षाही मला हे हवं होतं, की कोणीतरी कागदावर लिहावं, तिथं माणसं होती आणि दवाखाना नेला ती चूक झाली. हेमलता चुकून गेली असं कोणीतरी लिहावं.

मी लक्ष्मव्वाकडे गेलो. ती आता बहात्तरची. नरसय्या वारला होता, शेड पडली होती. गल्लीतल्या एका रिकाम्या घरात ती राहायला आली होती. विड्या वळणं सुटलं होतं, बोलणं नाही.

"आता काय सील करतील? शेडच नाही," ती म्हणाली. "लिहा की नावं. पण दामूअण्णा, तुमच्या बाईचं नाव खराब होतंय म्हणता. त्यांना विचारलंत का?"

"कशी विचारू?"

"मी आमच्या ह्यांना रोज विचारते. उत्तर देत नाहीत. जिवंत होते तेव्हा तरी कुठं देत होते!"

तिच्या अंगणात आम्ही आठ दिवस बसलो. ती आठवायची, मी लिहायचो. एक नंबरच्या शेडपासून सुरुवात केली. कोण कुठल्या मागापाशी झोपायचं यावरून तिला माणसं आठवत होती. "चौथ्या मागाखाली बोल्लीची थोरली पोरगी, तिला फिट यायची. तिच्या पायाशी म्हातारा. त्याचं नाव काय कुणास ठाऊक, सगळे त्याला मेहुणाच म्हणायचे." गल्लीतले बाकीचेही येऊन बसायला लागले. कोणीतरी फोन लावून सुरतेहून, भिवंडीहून विचारून द्यायचं. हसणं व्हायचं, भांडणं व्हायची. हेमलता गेल्यानंतर त्या आठ दिवसांत मी पहिल्यांदा रोज दोन्ही वेळा जेवलो. दोनशे सत्त्याऐंशी नावं जमली. पंचवीसेक राहिली, ती कोणालाच आठवली नाहीत.

मी शपथपत्र लिहून दिलं. गल्लीतल्या अकरा जणांनी साक्षीच्या सह्या केल्या. महापालिकेच्या समितीतल्या तीन माणसांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, "नोंद खोटी आहे हे तुमच्या पत्नीला माहीत होतं का?"

नाही म्हणालो असतो तर कदाचित तिचे थोडे गुण राहिले असते. पण तिनं अंगठा लावायच्या आधी मला विचारलं होतं, हे मला विसरता येत नव्हतं. समजून-उमजून केलेलं तिचं ते एकच काम अडाणीपणाचं ठरवायचं, हे मला जमेना. मी हो म्हणालो.

दुरुस्ती टेबलावर चढवायची होती त्या दिवशी सकाळी दहाला मी लक्ष्मव्वाला रिक्षानं टाउन हॉलात नेलं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. ईश्वरीनं चाक सत्तावीसवर लावलं आणि बटण दाबलं. खालून हुकांचा तो ओळखीचा खटखट आवाज आला आणि आमच्या गल्लीत चौदा काड्या वर यायला लागल्या. आल्या, आल्या, आजूबाजूच्या गल्ल्यांच्याही वर गेल्या. बाजूची बसलेली घरंही त्यांच्याबरोबर वर सरकली. लक्ष्मव्वानं टाळ्या वाजवल्या.

"हे आमचं शेड! बघा, सगळ्यात उंच! मेहुणापण असेल यात."

मी ईश्वरीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती पडदा बघत होती.

"आता पुढचं दाखव," मी म्हणालो. "दवाखान्याचं."

तिनं चाक हळूहळू पुढे फिरवलं. तीस, पस्तीस, चाळीस. काड्या उतरत चव्वेचाळीसवर आल्या, आमच्या एक्केचाळीस माणसांवर. मग पंचेचाळीस. मग सेहेचाळीस. आणि गल्ली सपाट झाली.

"हे कसं?" मी म्हणालो. "हे तर बावन्नला होतं."

ईश्वरीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काका, आधी त्याला दिसत होतं की ही छोटीच गल्ली होती. सतरा वर्षांत नव्वदाची एक्केचाळीस झाली. हळू उतरतेय. म्हणून अजून आठ वर्षं धरली होती. आता त्याला दिसतंय, तीनशे सत्त्याण्णव होती, त्यांची एक्केचाळीस झाली. दहातली नऊ माणसं गेली. जिथून दहातली नऊ जातात तिथं दहावा किती दिवस राहील? ते तसं मोजतं."

"पण ती दवाखाना गेला म्हणून गेली! बस गेली म्हणून गेली! आणि दवाखाना गेला तो शून्यामुळे."

"कारण त्याला दिसत नाही, काका. उंची दिसते."

"मग परत खोटं भर. जसं होतं तसं कर."

"नाही होत. तुम्ही शपथेवर दिलंय. तेच खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग?"

लक्ष्मव्वाला आमचं बोलणं अर्धवट कळलं. तिनं सपाट झालेल्या जागेवर बोट ठेवलं. "हे कुठलं साल?"

"सेहेचाळीस," ईश्वरी म्हणाली.

"आणि पाणी कधी बंद करता तुम्ही?"

"दोन वर्षं आधी."

लक्ष्मव्वानं बोटांवर मोजलं. मग बोटं मिटली. म्हणजे यंदाच. पहिल्या हिशेबानं पाणी पन्नास सालापर्यंत चाललं असतं. सहा वर्षं. लक्ष्मव्वा बहात्तरची होती. तिला सहा पुरली असती. गल्लीतल्या बहुतेकांना पुरली असती.

मी अर्ज केले. वरच्या साहेबांना भेटलो. ते सज्जन होते, मला खुर्ची दिली. म्हणाले, एका गल्लीसाठी नकाशा वाकवला तर उद्या प्रत्येक गल्ली येईल. म्हणाले, नवीन इमारतीपासून दवाखाना दोन मिनिटांवर आहे. मी त्यांना म्हणालो, आता दोन मिनिटांवर असून काय करू? 

हेमलताच्या नोंदींवर शिक्के बसले. मी ते पडद्यावर पाहिले. एकेक हजेरी पान, तिचं वळणदार अक्षर, त्यावर लाल अक्षरात अविश्वसनीय. चौथी ब चं पानही होतं. ईश्वरी लोखंडे, हजर, हजर, हजर. त्यावरही शिक्का. ईश्वरीनं ते पान माझ्यासमोर उघडलं आणि बंद केलं. त्यानंतर कामाशिवाय ती माझ्याशी बोलली नाही. दवाखाना चुकून नेला असं मात्र कुठंच लिहिलं गेलं नाही. यंत्रानं लिहिलं ते एवढंच, की सत्तावीसची नोंद दुरुस्त केली.

गल्लीतली माणसं मला काही बोलली नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं. अंगणात बसून ज्यांनी नावं आठवून दिली, ते मी दिसलो की घरात जायचे. महिन्याभरात घरं हलायला लागली. लक्ष्मव्वाला रिंगरोडला नवव्या मजल्यावर खोली मिळाली. तिचं सामान एका टेम्पोच्या कोपऱ्यात मावलं. मी पातेल्यांचं गाठोडं वर द्यायला गेलो तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तेव्हा शून्य लिहा म्हणून आम्ही सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंत. उपकार झाले. आता खरं सांगा म्हणून कोणी सांगितलं होतं, दामूअण्णा?"

मला वाटलं ती नेहमीसारखी टोमणा मारून हसेल. ती हसली नाही. खरोखर विचारत होती. मी म्हणालो, "कोणी नाही." टेम्पो गेला.

पाणी बंद करायच्या दिवशी गल्लीत मी एकटाच होतो. माझीही खोली लागली होती, दुपारी निघायचं होतं. महापालिकेचा एक माणूस मोटारसायकलवर आला, गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडून खड्ड्यात उतरला आणि व्हॉल्व्हला पाना लावला. व्हॉल्व्ह फिरेना. कित्येक वर्षं कोणी हात लावला नव्हता, गंजून जाम झाला होता. त्यानं पाय लावून जोर केला, शिव्या दिल्या, पाना दोनदा निसटला. हाताचं सालटं निघालं.

त्यानं वर बघितलं. मी उभाच होतो.

"बाबा, कुणी फिटर राहतो का हो इथं?"

मी जॉबर होतो असं त्याला म्हणालो. तो बाजूला सरकला. मी घरातून हातोडी आणि रॉकेल आणून खाली उतरलो. आधी रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळली, पाच मिनिटं थांबलो, मग दांड्यावर हलके ठोके दिले, सगळीकडून सारखे. जाम झालेल्या वस्तूवर जोर करायचा नसतो, तिला आधी सैल करायचं असतं. मग पाना लावला. पहिला अर्धा वेढा जड गेला, नंतर तो सरळ फिरत गेला. अकरा वेढे बसले. आतला पाण्याचा आवाज बारीक होत होत थांबला.

तो माणूस समोरच्या घराच्या नळाशी जाऊन तोटी उघडून आला.

"थेंब नाही," तो म्हणाला. "झकास बसलाय, बाबा. हात चांगला आहे तुमचा."

मी वर यायला लागलो तेव्हा त्यानं हात दिला.